सिलेक्शनची खुर्ची

दिल्लीत राहून कलेक्टर व्हायची तयारी करणारी आपली मराठी पोरं मोठी गमतीची. वैज्ञानिक दृष्टिकोनावर पानंच्या पानं निबंध लिहितील आणि परीक्षेला जाताना मांजर आडवं गेलं की मुकाट्यानं दुसरी गल्ली धरतील. कुणी सिलेक्ट झालं की त्याच्या खोलीवर नुसती झुंबड. टेबल, दिवा, बसून बसून खळगा पडलेली उशी, काही म्हणून मागे राहत नाही. खोलीसाठी तर आधीपासून नंबर लागलेले असतात. याला अंधश्रद्धा म्हणायचं नाही बरं का. ‘पॉझिटिव्ह व्हाइब’ म्हणायचं.

मेहकरची अक्षता खरात या सगळ्याला हसायची. पण दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन ती परत आली होती, आणि बुडत्याला काडीचा आधार लागतोच. लेखी परीक्षेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. अडायचं ते बोलण्यात. अक्षता अडखळायची. त्यातही ‘अ’ तिचा जन्माचा वैरी. स्वतःचं नाव सांगायची वेळ आली की गळ्याला आतून कडी लागायची. आवाजच नाही, नुसतं उघडं तोंड. मागच्या मुलाखतीत बोर्डानं नाव विचारलं आणि ती अशीच उभी राहिली. मराठीतून मुलाखत, म्हणून शेजारी दुभाषी होता. भला माणूस. त्याला दया आली आणि त्यानंच समोरच्या कागदावरचं नाव वाचून सांगून टाकलं. त्यानंतर अक्षता जी खचली ती शेवटपर्यंत सावरली नाही. यंदाची तिसरी मुलाखत, आणि परीक्षेचे सगळे प्रयत्न संपलेले. आता नाही तर कधीच नाही.

त्यात दैवाची थट्टा पाहा. तिचे वडील बळवंत खरात मेहकरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर. अख्खा तालुका त्यांचा आवाज ओळखायचा. माइकवर दोनदा फुंकर मारून ते असे काही गाडी पुकारायचे, की पेंगणारी म्हातारीही पिशवी उचलून उठायची. आणि लेक ही अशी.

राजिंदर नगरात राहणाऱ्या प्रतीकनं तिला फोन केला, तेव्हा जानेवारीतलं धुकं पडलं होतं. प्रतीक औशाचा, तिच्यासारखाच मुलाखतीच्या वाटेवरचा.

‘‘यार, द्वारकेत एक खोली आहे. सिलेक्शनची. शालिनी देवस्थळी म्हणून एक होती ना, तिची. नागालँडला पोस्टिंग आहे तिचं. आईवडील आपलेच आहेत, मराठी. मुलाखतीपर्यंत कुणा मुलीला ठेवतो म्हणालेत.’’

शालिनीचं नाव कुठल्या वर्षाच्या यादीत होतं, हे पाहावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. नवसाला पावणाऱ्या देवाचा सातबारा कोण मागतो?

दिल्लीच्या द्वारका भागातलं ते घर सहाव्या मजल्यावर होतं. दार उघडलं ते अलकाकाकूंनी. विलासकाका केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयातून निवृत्त झालेले, अबोल. पेपरातून डोकं वर काढून त्यांनी फक्त मान हलवली. काकूंनी मात्र गाजराचा हलवा पुढं केला, रजाई दिली, हीटर लावून दिला. खोलीत पलंग, कपाट, टेबल आणि खिडकीकडं तोंड करून ठेवलेली एक वेताची खुर्ची होती.

‘‘कपाट तुझं, पलंग तुझा,’’ काकू म्हणाल्या. ‘‘ही खुर्ची मात्र इथून हलवायची नाही हं, बेटा. आमच्या शालूला इथं बसूनच सगळं जमायचं.’’

‘‘शा... शालिनीताई सुटीवर कधी ये... येणार?’’

‘‘अगं, तिकडे नेटवर्कच नसतं. येईल.’’

काका पेपर घेऊन उठले आणि एवढ्या थंडीत बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्षता त्या खुर्चीत बसली. बाहेर धुक्यात समोरची इमारत दिसत नव्हती. मुलाखतीचा सराव मोठ्यानं करायचा असतो, म्हणून तिनं स्वतःलाच प्रश्न विचारला, पाणीटंचाईवर तुम्ही काय कराल? आणि दात आवळून अडखळायची तयारी केली.

शब्द आले. एकामागून एक, नळाला पाणी यावं तसे. ती बोलत गेली, वाक्यांना वाक्यं जोडत गेली, मध्ये एक छोटासा विनोदही केला. एवढ्या वर्षांत ती असं कधीच बोलली नव्हती. ती पलंगावर पडून आनंदानं रडली, आणि तिनं ठरवून टाकलं, की प्रतीक म्हणतो ते खरं, खोल्यांना गुण असतो.

मग रोज दुपारी तेच. खुर्चीत बसलं की जीभ सुटायची, उठलं की अडायची. आवाजही थोडा वेगळा वाटे, पातळ, दिल्लीकडच्या हेलाचा. ‘बिल्कुल’ आणि ‘अच्छा’ मधूनमधून येई. अक्षतानं तिकडं दुर्लक्ष केलं. दुभत्या गाईच्या लाथा गोड असतात.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली आणि ती आली ती अंगावर काटा घेऊनच. बोलता बोलता ती मध्येच गप्प व्हायची. अडखळून नव्हे, सहज, कुणी हात वर करून थांबवावं तशी. मग क्षणभरानं खिडकीची तावदानं थरथरायची आणि डोक्यावरून विमान उतरत जायचं. विमान गेलं की वाक्य पुन्हा सुरू व्हायचं, तुटलं होतं तिथून. द्वारका विमानतळाला लागून. तिथं वाढलेली माणसं विमानासाठी थांबतात, हे तिनं पाहिलं होतं. पण ऐकू आल्यावर थांबतात. ती स्वतः आधीच थांबत होती.

त्या दिवशी तिनं मागं वळून पाहिलं, तर दार किलकिलं होतं आणि काकू चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. चहावर साय धरली होती. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

‘‘तूसुद्धा थांबतेस,’’ काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. ‘‘शालूला कळायचं आधी. लहानपणापासून.’’

दुसऱ्याच दिवशी काकूंनी घरी बोर्ड भरवायची टूम काढली. त्या आणि काका पलंगावर बसणार, अक्षता खुर्ची त्यांच्याकडं वळवून बसणार. एरवी हलवायची नाही म्हणून बजावलेली खुर्ची काकूंनी स्वतःच फिरवली. प्रश्न सुरुवातीला ठीक होते. जिल्हा, छंद, सीमावाद. अक्षता छान बोलत होती. काका खाली पाहत होते; काकू मात्र पुढं सरकत सरकत तिच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ आल्या.

‘‘थंडी वाजते का गं तुला?’’ काकूंनी विचारलं.

‘‘नाही गं आई,’’ अक्षता म्हणाली.

हे शब्द आपल्या तोंडून गेले, पण आपण बोललो नाही, एवढं अक्षताला कळलं आणि ती ताडकन उठली. काकूंनी तिचा हात धरला होता. काका भिंतीकडं तोंड करून चष्मा पुसत होते, आणि तो काही केल्या स्वच्छ होत नव्हता.

अक्षता त्या घरातून त्याच दिवशी का निघाली नाही, असं तुम्ही म्हणाल. म्हणणं सोपं आहे. उभ्या जन्मात एक वाक्य धड पुरं न झालेल्या माणसाला विचारून पाहा.

रविवारी ती राजिंदर नगरला प्रतीकच्या खोलीवर गेली. तिथं चारपाच जण जमून एकमेकांच्या मुलाखती घेत. तिची पाळी आली. तिला खात्री होती, की आता जीभ सुटली आहे. ‘अ’ तर आला नाहीच. पण जे शब्द पूर्वी अडखळत का होईना यायचे, तेही आले नाहीत. पाणी, जिल्हा, आई, काहीच नाही. आपल्या गळ्यातून कुणी सामान हलवून नेलं आहे, असं तिला वाटलं. प्रतीकनं पाणी दिलं. ‘‘टेन्शन नको घेऊ यार,’’ तो म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता.

परत आल्यावर ती चप्पलही न काढता खोलीत शिरली, खुर्चीत बसली आणि तिनं मेहकरला फोन लावला. बाबांना सांगावं, बघा, मला बोलता येतं. लहानपणी तिच्या जिभेला मध चाटवणारे, वेखंड लावणारे, कुणी सांगेल त्या दर्ग्यात नि देवळात तिला खांद्यावरून नेणारे बाबा. एकदा तरी त्यांना ऐकू दे.

‘‘बाबा, कसे आहात? जेवण झालं का? माझी तयारी मस्त चाललीय, बिल्कुल काळजी करू नका. आवाज ऐकलात का माझा? आता अजिबात अडत नाही.’’

पलीकडं स्टँडवरचा गलका ऐकू येत होता.

‘‘कोण बोलून राहिलं, बाई?’’ त्यांनी विचारलं.

‘‘मी बोलतेय बाबा, तुमची मुलगी.’’

‘‘नाही,’’ बाबा म्हणाले. त्यांचा एवढा खणखणीत आवाज पार बारीक झाला होता. ‘‘माही पोरगी अडखळते. काय झालं तिले? अक्षताले फोन द्या.’’

तिला सांगायचं होतं, बाबा, मीच अक्षता. तिनं मनातून सांगितलंही. पण तोंडून ते नाव आलं नाही. भलत्याच गोडव्यानं ‘अच्छा, ठेवते’ एवढंच आलं आणि फोन बंद झाला. अक्षता खुर्चीतून उठली ती थेट बाल्कनीत काकांसमोर जाऊन उभी राहिली. भीतीनं तिला हुंदके येत होते.

‘‘शा... शा... शालिनी कुठाय?’’

काकांनी आढेवेढे घेतले नाहीत. कुणीतरी विचारावं म्हणून ते वाटच पाहत असावेत.

‘‘नाहीये ती,’’ ते म्हणाले. ‘‘मुलाखतीचं पत्र आलं आणि तिला ताप भरला. मेंदूत गेला ताप. चार दिवसांत संपलं सगळं. मुलाखत राहिली ती राहिलीच. समाचाराला आलेल्या कुणाला तरी अलका म्हणाली, शालू पोस्टिंगवर गेलीय. मी तेव्हा टोकलं नाही. नंतर टोकता आलं नाही.’’ त्यांनी कठडा धरला. ‘‘मुलींना ठेवायचं खूळही तिचंच. दोघी येऊन गेल्या, काही झालं नाही. तू आलीस आणि... तुझे शब्द अडतात तिथे तिला जागा मिळाली बहुतेक. बेटा, मला कळतंय हे चूक आहे. पण मीही दुपारचा टीव्ही बंद करून ऐकत बसतो.’’

म्हणजे ज्या खुर्चीचा गुण घ्यायला पोरं जीव टाकत होती, ती सिलेक्शनची नव्हतीच. मुलाखतीची वाट बघत राहिलेली खुर्ची होती ती.

अक्षतानं खुर्चीत बसणं सोडलं. मी बरी आहे, मुलाखतीनंतर बोलू, असा मेसेज तेवढा तिनं बाबांना टाकला. दिल्लीत ऐन वेळी दुसरी खोली मिळणं मुश्कील, आणि प्रतीकच्या खोलीत आधीच तिघं. मग रोज दुपारी ती स्वेटर, मफलर चढवून बाहेर पडायची आणि दिसेल त्याला आपलं नाव सांगायची. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, दुधाच्या बूथवरच्या बाईला. ‘‘भैया, मेरा नाम...’’ आणि पुढं कडी. लोक हसायचे, काही घाबरायचे. बूथवरच्या बाईनं तर तिला मुकी समजून बोटांनी भाव सांगितला. अक्षता लाजेनं लाल व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. बाबा स्टँडवर नव्या पोरांना शिकवायचे ते ती मनाशी म्हणायची. गाडी फलाटाला लागल्याशिवाय पुकारायची नाही; लोक थांबतात, लोकांना थांबायची सवय असते. हळूहळू पूर्वीचे अडखळते शब्द परत आले. नाव तेवढं येत नव्हतं. पण गळ्यात काहीतरी हलायचं.

आणि ती घरी परत यायची तेव्हा खुर्चीनं तोंड फिरवलेलं असायचं. पहिल्या दिवशी थोडंसं. मग खोलीच्या मध्याकडं. शेवटी चक्क दाराकडं. ती निमूटपणे पलंगाच्या कडेनं जायची. एकदा लवकर परतली, तर काकू पलंगावर बसून रिकाम्या खुर्चीला प्रश्न विचारत होत्या. विचारून थांबत, मान डोलवत, पुढचा प्रश्न विचारत. एका उत्तराच्या मध्येच त्यांनी हात वर केला. मग विमान आलं.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी काकू हातात साडी घेऊन आल्या. मोतिया रंगाची, बारीक हिरव्या काठाची, कडक इस्त्री केलेली.

‘‘शालूनं घेतली होती उद्यासाठी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नेसून तर बघ. खुर्ची काही तिथं नेता येणार नाही, पण ही नेता येईल. तुझं सिलेक्शन होईल, तिची मुलाखत होईल. तुझं काय जातंय, बेटा?’’

काकू दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर अक्षताला सोपं गेलं असतं. काकू गेल्यावर ती साडी मांडीवर घेऊन किती तरी वेळ बसून राहिली. बाबांची निवृत्ती जवळ आली होती. तिच्यापेक्षा लहान मुलंही लग्नं करून, नोकऱ्या धरून मोकळी झाली होती. उद्याची अर्ध्या तासाची तर गोष्ट. तिनं साडी नेसली आणि ती कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली.

‘‘पाणीटंचाईवर मी तीन पातळ्यांवर काम करीन,’’ ती म्हणाली. लख्ख, सुरेख. आरशातली मुलगी किंचित हसली. अक्षता हसली नव्हती.

‘‘माझं नाव,’’ तिनं पुढं म्हटलं, आणि कडी लागायची वाट पाहिली. कडी लागलीच नाही.

‘‘माझं नाव शालिनी विलास देवस्थळी.’’

तिनं पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं दोन्ही हातांनी आरसा धरला, सगळा जीव घशात आणला, तरी तेच, त्याच गोड आवाजात. तेव्हा अक्षताला कळलं, की या आवाजाला जगातलं सगळं बोलता येईल, एवढं एक नाव सोडून. आणि तिला तरी दुसरं काय सांगायचं होतं? ते नाव कायमचं जायच्या आधी तिनं घाईघाईनं साडीच्या निऱ्या ओढून काढल्या. काठ मनगटाला आवळून बसला होता. सोडवताना वळ उठला. साडीची घडी करून तिनं ती खुर्चीवर ठेवली आणि रात्रभर दिवा चालू ठेवून बसून राहिली.

सकाळी तिनं आपला जुना निळा सलवार-कमीज घातला आणि मेट्रो पकडली.

बोर्डात पाच जण होते, शेजारी दुभाषी. दुसराच होता, पण चेहरा तसाच भला. अध्यक्षांनी नाव विचारलं. अक्षतानं तोंड उघडलं आणि कडी लागली. घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. कुणीतरी कागद चाळला. दुभाष्यानं समोरचं नाव पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, घसा साफ केला. अक्षतानं हात वर करून त्याला थांबवलं आणि मान हलवली. नाही. हे मी सांगणार.

गाडी लागली नाही अजून. लागेल. लोक थांबतात.

‘‘अ,’’ ती म्हणाली. ‘‘अ... अक्... अक्षता. अक्षता बळवंत ख... खरात. मेहकर.’’

पुढची मुलाखत काही पाण्यासारखी वाहिली नाही. वळवाच्या पावसात शाळेची गाडी चिखलातून निघावी तशी ती धक्के खात गेली. पण प्रत्येक उत्तर शेवटाला गेलं, आणि एकही तिनं दुसऱ्याला पुरं करू दिलं नाही.

संध्याकाळच्या आत ती सामान घ्यायला द्वारकेला परतली. काका दारातच भेटले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून बाजूला झाले. काकू बैठकीत बसल्या होत्या.

‘‘नाव विचारलं का गं?’’

‘‘हो.’’

‘‘कुणाचं सांगितलंस?’’

‘‘मा... माझं, काकू.’’

काकूंनी मान हलवली. रागावल्या नाहीत. अक्षताला त्यांची इतकी दया आली, की ती खाली वाकून त्यांच्या पाया पडली. तेवढ्यात आतल्या बंद खोलीतून वेत करकरला, कुणी खुर्ची ओढून नीट बसावं तसा. तिघांनीही तो ऐकला. काकूंचा चेहरा उजळला.

‘‘जा तू आता,’’ त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. ‘‘तिची अभ्यासाची वेळ झाली.’’

निकाल लागला तेव्हा दिल्लीत लू, उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा, वाहू लागली होती. प्रतीकचं नाव नव्हतं, अक्षताचं होतं, बरंच खाली, पण होतं. प्रतीकनंच तिच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाला, ‘‘आधी घरी फोन लाव.’’ तिनं मेहकरला फोन लावला. पलीकडं तोच स्टँडचा गलका, एका गाडीचा हॉर्न.

‘‘हॅलो,’’ बाबा म्हणाले.

तिनं तोंड उघडलं आणि ‘बाबा’ अडकला. ‘ब’सुद्धा बाहेर येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि फोनमध्ये तिचा नुसता श्वास जात होता. या वेळी बाबांनी, कोण बोलतंय, असं विचारलं नाही.

‘‘बोल, अक्षता,’’ ते म्हणाले. ‘‘घाई नाही. मी फोन धरून अठीच हाये.’’